दोर कापून पाहताना

आषाढातला पाऊस आमच्या मुळशीत येतो तो मुक्कामालाच. ताम्हिणीकडून ढग उतरतात, समोरचा डोंगर दिसेनासा होतो, खाचरं काठोकाठ भरतात आणि गावात आवणीची लगबग सुरू होते. अशाच एका संध्याकाळी शेजारची मुलगी ओसरीवर येऊन उभी राहिली. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे आणि छातीशी खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली वही. दिवसभर आईबरोबर खाचरात वाकून भात लावला होता. यंदा ती अकरावीला आहे, विज्ञान शाखेला.

"बाई, उत्तर जमत नाही. तिसऱ्यांदा सोडवलंय."

पस्तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी "उत्तर जमत नाही" हे शब्द ऐकले की हातातलं काम बाजूला पडतं. चहाचं आधण उतरवलं आणि वही पुढ्यात घेतली.

गुळगुळीत टेबलावर ४ किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली गेलेली, टोकाला १ किलोचं वजन लोंबतंय. हात सोडला तर दोन्ही वस्तू किती त्वरणाने जातील, आणि दोरीत ताण किती? गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरलेलं. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ताण १० न्यूटन.

"हा कुठून आणलास?"

"खाली १ किलो लोंबतंय ना? त्याचं वजन १० न्यूटन. मग दोरीला तेवढीच ओढ बसणार."

ही चूक मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. हुशार मुलंही करतात, किंबहुना तीच आधी करतात, कारण ती घाईने पुढचं बघत असतात. म्हणून मी कधीच त्यावर फुली मारत नाही. तिला एवढंच विचारलं, "पृथ्वी त्या वजनाला १० ने खाली ओढतेय आणि दोरी १० ने वर ओढतेय. मग ते हलेल का गं?"

ती थांबली. पेन्सिल ओठांशी नेली. "जागच्या जागी राहील."

"आणि गणितात?"

"खाली चाललंय." मग हळूच म्हणाली, "म्हणजे ताण कमी असणार. पण किती कमी?"

हे कागदावर सांगता आलं असतं. पण पाऊस जरा उघडला होता, म्हणून तिला घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे आमचा जुना आड आहे. नळ आला तरी आम्ही तो बुजवला नाही. रहाट आहे, दोर आहे, वापरही आहे. बादली बुडवली आणि दोर तिच्या हातात दिला.

"डोळे मिट. एका संथ लयीत ओढ."

ती ओढू लागली. बादली आणि पाणी मिळून दहाएक किलो असतील.

"आता एक हिसका दे."

तिने दिला आणि डोळे उघडले. "जड झाली!"

"पाणी वाढलं?"

"नाही."

"आता हातातला दोर जरा भरभर सोड. पूर्ण नको, नुसती ढील दे."

बादली खाली सरकली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहण्यासाठीच शिक्षकाने शिकवावं. बादली तीच होती, पाणी तेच होतं, आणि दोरातला भार तीनदा वेगळा लागला होता. संथ ओढताना १०० न्यूटन. सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग वाढवत वर खेचली तर १५०. वेग वाढवत खाली जाऊ दिली तर १०० पेक्षा कमी. माझ्या सासूबाई या आडावर पाणी शेंदणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट बजावायच्या: दोर ओझ्याने तुटत नाही, हिसक्याने तुटतो. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण ताण हा टांगलेल्या वस्तूच्या नुसत्या वजनावर ठरत नाही, ती वस्तू कशी हलते आहे यावरही ठरतो, हे त्यांच्या तळहातांना ठाऊक होतं.

ओसरीवर परत आल्यावर मी तिला म्हटलं, "आता कात्री घे आणि दोर काप."

ती हसली. पण हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली छापला गेला. त्या वर्षी इकडे संभाजी महाराज गादीवर होते आणि सह्याद्रीत औरंगजेबाशी झुंज चालली होती. त्या ग्रंथातला दुसरा नियम आपण सूत्र म्हणून पाठ करतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. पण त्यात एक प्रश्न आधी विचारावा लागतो, कोणाचं? कोणावरचं बल, कोणाचं वस्तुमान, कोणाचं त्वरण? जोडलेल्या वस्तूंचा गुंता होतो तो इथेच, कारण आपण सगळ्यांकडे एकदम पाहतो. उपाय साधा आहे. एकेका वस्तूभोवती पेन्सिलीने तुटक रेघेचं कडं काढायचं, त्या कड्यातून आत येणारा प्रत्येक दोर मनातल्या मनात कापायचा, आणि कापलेल्या टोकाच्या जागी एक बाण काढायचा. मग वस्तूलाच विचारायचं, तुला कोणी कोणी धरलंय? जे स्पर्श करतंय ते, आणि लांबून ओढणारी पृथ्वी. त्यापलीकडचं कोणी नाही.

तिने ४ किलोच्या ठोकळ्याभोवती कडं काढलं. खालून टेबल, वरून वजन. त्या दोघांनी एकमेकांना तोलून धरलं. आडवा बाण एकच, दोरीचा. म्हणजे ताण बरोबर ४ गुणिले त्वरण. मग दुसरं कडं, लोंबत्या वजनाभोवती. खाली १०, वर ताण. उरतं ते १ गुणिले त्वरण. दोन ओळी, दोन अज्ञात. बेरीज केली: १० बरोबर ५ गुणिले त्वरण. त्वरण २. ताण ८.

"आठ," ती म्हणाली. "दहातले दोन कुठे गेले?"

"तूच सांग."

बराच वेळ तिने आकृतीकडे पाहिलं. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. "ते त्या १ किलोलाच लागले. स्वतःला हलवायला."

मी काही बोलले नाही. खाली ओढणाऱ्यालाही स्वतःचं अंग हलवावं लागतं, आणि त्याचा खर्च आधी वजा होतो. उरेल तेवढंच दोरातून पुढे जातं. इतकी साधी गोष्ट, पण कळायला दोर कापावा लागतो.

कप्पीवरच्या वजनांचं हे चित्र जगभरच्या पुस्तकांत आहे. १७८४ साली केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूडने कप्पीच्या दोन बाजूंना जवळजवळ सारखी वजनं टांगलेल्या एका यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन्ही वजनं एकमेकांना जवळपास तोलून धरत, म्हणून पडणं इतकं संथ होई की घड्याळाने मोजता यावं. पण मला हे गणित शिकवताना कधी ॲटवूड आठवला नाही. मला आठवते माहेरची मोट.

माझं माहेर पुरंदरातलं, पाण्यासाठी आकाशाकडे बघणारं. इंजिनं येण्याआधीची शेवटची काही वर्षं आमच्या विहिरीवर मोट चालत असे. चामड्याची मोठी मोट विहिरीत बुडे. जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. बैलांची जोडी विहिरीकडे पाठ करून धावेवरून उतरू लागली की मोट वर येई, थारोळ्याशी आली की तिची सोंड मोकळी होऊन पाणी भसकन पाटात धावे. आणि बैल उताराला लागले की आजोबा उडी मारून ताणलेल्या नाड्यावर बसत. लहानपणी मला वाटायचं, मजा म्हणून बसतात. फार नंतर, फळ्यावर कप्पी काढताना, हातातला खडू थांबला: ते आपलं वजन दोराला देत होते.

धाव सपाट का नव्हती, हेही तेव्हाच कळलं. समजा बैलजोडीचं वस्तुमान ७०० किलो आणि धावेला ६ फुटांना १ फूट उतार. तर जोडीच्या ७,००० न्यूटन वजनातलं सुमारे १,१७० न्यूटन उताराच्या दिशेने आपोआप मिळतं. पाण्यासह मोट १५० किलोची धरली तर तिचा भार १,५००. तीन चतुर्थांशांहून जास्त काम बैलांचं नुसतं वजनच उचलतं. खुरांनी जमिनीत रेटा द्यायचा तो उरलेल्याचा. मात्र ही मदत उसनी असते. रिकामी मोट विहिरीत सोडताना बैलांना तोच चढ मागे मागे पावलं टाकत चढावा लागतो, आणि मिळालेलं सारं परत द्यावं लागतं. धाव कुणी खोदली, किती उतार धरला, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण ज्याने तो उतार पहिल्यांदा नेमका साधला असेल, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

मी हे सांगत असताना ती तिसऱ्या नियमाशी येऊन अडखळली, आणि बरं झालं. "बाई, आमचे बैल जू पुढे ओढतात. जू बैलांना तेवढ्याच जोराने मागे ओढतं. मग दोन्ही कटले. आमची चिखलणी होते कशी?"

तिच्या वडलांनी अजून बैल ठेवलेत. गावात बहुतेकांकडे पॉवर टिलर आला, पण त्यांचं खाचर डोंगराच्या कुशीत आहे, तिथे यंत्र पोचत नाही. मी म्हटलं, "परत कडं काढ. एक बैलांभोवती, एक औताभोवती."

औताच्या कड्यात: पुढे ओढणारं जू, मागे धरणारा चिखल. बैलांच्या कड्यात: मागे ओढणारं जू, आणि पुढे? तिला सुचेना. मी विचारलं, "चिखलात बैल कुठे अडतो?"

"पाय सटकला की."

"का?"

मग तिचं तिलाच उमगलं. बैल खुराने जमीन मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे रेटते. ती जुवाची जोडी कटली कशी असेल? एक बल औतावर आहे, दुसरं बैलावर. एका कड्यात दोन्ही येतच नाहीत, मग वजाबाकी करणार कुणातून? बैल चालतो तो जमिनीच्या जोरावर. पाय रोवायला घट्ट जमीन नसेल तर सगळी ताकद असून जनावर जागच्या जागी घसरतं. तिच्या वडलांनी एकदा मला दाखवलं होतं, जोडीतला एक बैल उतरत्या वयाचा असेल तर जू थोडं सरकवून बांधतात, म्हणजे भार दमदार बैलाच्या बाजूला जास्त पडतो आणि म्हाताऱ्याची बाजू लांब राहून त्याला कमी ओढावं लागतं. एका जुवाखालीही भार सारखाच वाटला जातो असं नाही. तो कसा वाटायचा हे कुणीतरी बघून, विचार करून बांधलेलं असतं.

वही मिटण्याआधी मी तिला तिने केलेली बेरीज परत बघायला लावली. १० बरोबर ५ गुणिले त्वरण. "यात ताण कुठे आहे?"

"नाहीये. उडाला."

"का उडाला?"

"एकात अधिक होता, एकात उणा."

दोन्ही वस्तू मिळून एक मानल्या की दोरीतला ताण हा घरातला मामला होतो. बेरजेत तो दिसत नाही. त्वरण अगदी बरोबर येतं, उत्तर तपासायला काही हरकत नाही, पण दोर किती ताणला गेलाय, तुटायला आलाय का, हे त्या बेरजेला कधीच कळत नाही. ते हवं असेल तर परत दोर कापून एकेकाकडे जावं लागतं.

ती गेल्यावर मी दिवा न लावता ओसरीवर बसून राहिले. आमच्या गावापासून धरण लांब नाही. मुळशीत राहून ही बेरीज मला नुसती गणितातली वाटत नाही.

मुळा ही पूर्वेला जाणारी नदी. पुण्यात मुठेला भेटून, भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाणारी. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने तिला मुळशीत बांध घातला, आणि तिचं पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या कड्याशी नेऊन सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडलं. १९२७ मध्ये तिथून वीज वाहू लागली. त्या उंचीवरून उतरणारं १,००० लिटर पाणी, काही वाया न जाता, फार तर १.४ युनिट वीज देतं. माझ्या आजोबांच्या हिशेबाने सातेक मोटा. मुंबईचे दिवे, गिरण्या, आगगाड्या चालायच्या तर किती पाणी साठवावं लागेल याचा अंदाज यावरून येतो. आणि पाणी साठवायचं तर जमीन बुडवावी लागते.

ती जमीन मुळशी पेट्याची होती, आंबेमोहराची. सुमारे पन्नास गावांना या पाण्याची झळ लागणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, पांडुरंग महादेव बापट होते. पारनेरच्या या बापटांना महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखू लागला तो याच लढ्यामुळे. बायका मुलांसह बांधकामाच्या जागी जाऊन बसल्या, माणसं तुरुंगात गेली. तीन वर्षांच्या झगड्यानंतरही धरण झालंच.

मुंबईला वीज हवी होती, हे खरं. त्या विजेवर लाखोंच्या हाताला काम मिळालं, हेही खरं. सगळ्यांची बेरीज केली तर उत्तर अधिकच येतं, आणि तीच बेरीज तेव्हा मावळ्यांना ऐकवली गेली. पण बेरीज अशीच असते. तिच्यात आतला ताण उडून जातो. खाचर बुडालेल्या घराभोवती वेगळं कडं काढल्याशिवाय, त्याला एकट्याला विचारल्याशिवाय, त्याच्यावर किती ओढ पडली ते कुठल्याही एकूण हिशेबात सापडत नाही. मला वाटतं, मुळशीच्या लोकांनी १९२१ साली देशाकडे हेच मागितलं: आमच्याभोवती एक कडं काढा. आम्हाला सुटं करून बघा, आणि मग जोडा. आजही कुठे धरण, रस्ता, विमानतळ होताना एकूण फायद्याचे आकडे वाचले की मी आधी त्यातले दोर शोधते.

माणसं ठोकळे नाहीत, हे मी जाणते. त्यांना समीकरणात बसवायचा माझा आग्रह नाही. पण ही पाहण्याची शिस्त मला गणिताने दिली, आणि ती माणसांना लावली तर त्यांच्यावर अन्याय होत नाही, उलट टळतो. या गणितांत आम्ही एक गोष्ट गृहीत धरतो, दोरी ताणली तरी लांबत नाही. म्हणून दोन्ही टोकं एकाच त्वरणाने जातात. हिंजवडी आमच्याच तालुक्यात आहे. पूर्वेच्या त्या टोकाला काचेच्या इमारती, पश्चिमेच्या टोकाला बैलाने होणारी चिखलणी. एकाच दोराला बांधलेली ही दोन टोकं एका वेगाने चाललेली नाहीत. म्हणजे दोर लांबतो आहे, आणि लांबणारा प्रत्येक दोर कुणाच्या तरी हातात असतो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. नवं गणित होतं. गुळगुळीत जमिनीवर एकामागे एक जोडलेले २ किलोचे तीन ठोकळे, पुढच्याला दोराने १२ न्यूटनने ओढलंय. या वेळी मला काही सांगावं लागलं नाही. तिने तीन कडी काढली, दोर कापले. त्वरण २. शेवटच्या दोरात ४, मधल्यात ८, पुढच्यात १२.

"शेवटच्याला एकट्याचाच भार," ती म्हणाली. "मधल्याला दोघांचा. पुढच्या दोरावर सगळेच."

पेन्सिल तिथेच टेकवून ती गप्प झाली. तिचा दादा रोज पहाटे साडेपाचला दुचाकी काढतो आणि हिंजवडीत कामाला जातो. पावसात, रेनकोटवर. बापाच्या बैलांचा पेंड-चारा, हिची अकरावीची फी, आजीची औषधं. काल रात्री तो उशिरा आला तेव्हा कशावरून तरी त्याच्याशी भांडण झालं होतं, हे तिच्या आईने मला सकाळी सांगितलं होतं. मी तो विषय काढला नाही. आकृतीतल्या पहिल्या बाणाजवळ तिने १२ चा आकडा पुन्हा एकदा गिरवला, ठळक केला, आणि वही मिटली.

"बाई, जाता जाता तुमची घागर भरून देते."

मी आतून पाहत होते. तिने दोर आडात सोडण्याआधी हाताने चाचपला, गाठीजवळचा विसविशीत झालेला पीळ अंगठ्याने दाबून पाहिला. मग बादली बुडवली, ढील काढून घेतली, आणि दोर ताठ झाल्यावरच ओढायला लागली. रहाट एका लयीत कुरकुरत राहिला. एकही हिसका बसला नाही.